डोळ्याला लागणारा वेळ

अकराव्या शतकातला शेन ख्वो हा चिनी अधिकारी खगोल, होकायंत्र, जीवाश्म, संगीत अशा कितीतरी विषयांवर अधिकाराने लिहीत असे. त्याच्या टिपांच्या ग्रंथात चित्रकलेवरही एक भाग आहे आणि त्यात एका चित्रकाराने दुसऱ्याला दिलेला सल्ला नोंदवलेला आहे. सुंग दी हा निसर्गचित्रांसाठी नावाजलेला. चेन युंगची याची चित्रं पाहून तो म्हणाला, की हात तयार आहे, पण निसर्गाचा सहजपणा काही उतरत नाही. मग त्याने उपाय सांगितला. एखादी पडकी भिंत शोधायची, तिच्यावर पांढरं रेशीम ताणून टाकायचं आणि सकाळ-संध्याकाळ त्याकडे बघत राहायचं. पुष्कळ बघून झालं की रेशमाआडचे फुगवटे आणि खळगे डोंगर-दऱ्या होतात, भेगांचे ओढे होतात, त्यात माणसं आणि पाखरं वावरताना दिसू लागतात. ते मनात पक्कं झालं की मग कुंचला उचलायचा. चेनने तसं केलं आणि त्याचं काम सुधारलं, असं शेन ख्वो लिहितो.

या गोष्टीशेजारी लिओनार्दो दा विंचीचा सल्ला नेहमी ठेवला जातो. चारेकशे वर्षांनंतर त्यानेही शिष्यांना डाग पडलेल्या भिंतींकडे बघायला सांगितलं होतं. साम्य खरंच आहे, पण त्या साम्याच्या आनंदात एक फरक निसटतो. लिओनार्दोची भिंत उघडी आहे. तिच्यावरचे डाग, ओल, दगडांचे रंग सगळं समोर आहे. सुंग दी मात्र आधी भिंत झाकायला सांगतो. दिसणारं जितकं कमी करता येईल तितकं कमी करायचं आणि मग डोळा काय करतो ते पाहायचं. कल्पनाशक्तीच्या व्यायामापलीकडचं काहीतरी इथे चाललं आहे. डोळ्याला किती थोडं पुरतं, याचाच तो शोध आहे.

सिचुआन प्रांतात 1940 साली जन्मलेल्या छ्यू शिहुआ या चित्रकाराने हा सल्ला जणू उलटा करून आपल्यासमोर टांगला आहे. त्यांची चित्रं पहिल्या नजरेला पांढरी दिसतात. पूर्ण पांढरी नव्हेत, कुठे किंचित पिवळट, कुठे निळसर, पण कोऱ्या कापडाच्या इतकी जवळची की दालनातून चालणारा माणूस सहज पुढे जातो. थांबलेल्या माणसाला काही वेळाने क्षितिज दिसतं. मग त्याखालची जमीन, एखादी टेकडीची कड, झाडांची रांग, कधी पाण्याचा वळसा. सुंग दीच्या भिंतीवर डोंगर नव्हता आणि डोळा तो घडवत होता. छ्यूंच्या कॅनव्हासवर डोंगर रंगवलेला आहे आणि डोळा तो बघू शकत नाही. समोर दोन्ही वेळा पांढरं कापडच.

पाहणं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न रंगातून इतक्या काटेकोरपणे विचारणारे चित्रकार थोडे आहेत. आणि त्यांच्या चित्रांना ‘शून्य’, ‘मौन’, ‘ध्यान’ असे शब्द चिकटवून आपण तो प्रश्नच टाळतो, असं माझं म्हणणं आहे. छ्यूंवरच्या लेखनात ताओ विचार हमखास येतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, चिनी निसर्गचित्राची परंपरा त्या विचाराशिवाय समजतच नाही. पण चित्रापुढे उभं राहून तीस सेकंदांत ‘ही पौर्वात्य शून्यता’ असं म्हणणाऱ्या माणसाने डोंगर पाहिलेला नसतो. शून्यता त्याने सोबत आणलेली असते आणि चित्र पांढरं आहे एवढ्याने ती सिद्ध झाली असं त्याला वाटतं.

छ्यूंचं शिक्षण कुठे झालं ते पाहिलं तर हे लेबल आणखी ढिलं होतं. ते शिआनच्या कला अकादमीत तेलरंग शिकले आणि 1962 मध्ये बाहेर पडले. त्या काळात चीनमधलं तेलरंगाचं शिक्षण सोव्हिएत धर्तीचं होतं. 1955 ते 1957 या काळात मॉस्कोहून आलेल्या कॉन्स्तांतिन मक्सिमोव्ह यांनी बीजिंगमध्ये चित्रकारांची जी तुकडी घडवली, तिच्या प्रभावाखाली देशभरच्या अकादम्या चालत होत्या. छायाप्रकाशाचा कडक अभ्यास, ठोस शरीररचना, समोरची वस्तू समोर आहे तशी उतरवण्याची सवय. या तालमीतून निघालेले छ्यू शान्शी प्रांतातल्या तुंगच्वान या कोळशाच्या खाणींच्या शहरात गेले आणि तिथे वीसेक वर्षं सिनेमाची पोस्टरं रंगवत राहिले. आपल्याकडे हुसेन यांनीही मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती. त्यांच्या पुढच्या रेषेत होर्डिंगचा तो झपाटा राहिला. छ्यूंच्या बाबतीत त्याच धंद्याने नेमकी उलट दिशा दिली, असं मला वाटतं.

पोस्टरचं काम एकच असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत एका क्षणात शिरायचं. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत, म्हणजे 1966 ते 1976 मध्ये, ही गोष्ट चीनमध्ये जवळजवळ कायद्यासारखी झाली होती. चित्र लाल असावं, उजळ असावं, चकाकतं असावं, हा त्या काळचा दंडक. नायकाचा चेहरा आतून प्रकाश फुटल्यासारखा, आकाश निरभ्र, सावली फक्त शत्रूच्या वाट्याला. अंधूक दिसणारी आकृती संशयास्पद ठरायची, कारण अंधूक दिसलं की बघणारा स्वतः काहीतरी ठरवू लागतो. एखाद्या चित्राने बघणाऱ्यासाठी काहीच बाकी ठेवू नये, अशी ती व्यवस्था होती. अशा व्यवस्थेत ज्याने उमेदीची वर्षं कुंचला चालवला, त्याने पुढे पहिल्या क्षणी काहीही न देणारी चित्रं काढावीत, याकडे मी योगायोग म्हणून पाहू शकत नाही. त्या चित्रांमध्ये निषेधाची खूण नाही, एकही घोषणा नाही. पण बघण्याचा हक्क ज्याचा त्याला परत देणं, ही त्या दशकाला दिलेली प्रतिक्रिया म्हणून मला कुठल्याही व्यंगचित्रापेक्षा खोल वाटते.

आता डोळ्याकडे वळू, कारण खरा विषय तिथे आहे.

आपल्याला वाटतं डोळा कॅमेऱ्यासारखा समोरचं सगळं एकदम टिपतो. प्रत्यक्षात तीक्ष्ण दृष्टीचा भाग डोळ्याच्या पडद्यावर अगदी लहान असतो. हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढी जागा व्यापतं, साधारण तेवढाच तुकडा एका वेळी स्पष्ट दिसतो. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक वेळा उड्या मारत असतो आणि त्या तुकड्यांवरून मेंदू एक अखंड दृश्य उभं करतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याला नकळत काढलेलं अनुमान म्हटलं. आपल्याला निष्कर्ष दिसतो, आकडेमोड दिसत नाही. रोजच्या जगात ही आकडेमोड इतकी झटपट उरकते की पाहायला वेळ लागतो हेच आपण विसरतो. छ्यूंचं चित्र ती आकडेमोड मंद करतं, इतकी की आपल्याला ती होत असताना जाणवते.

हे घडतं कसं? दोन शेजारच्या छटांमधला उजेडाचा फरक साधारण एका टक्क्याच्या खाली गेला की डोळ्याला तो पकडणं कठीण होऊ लागतं. छ्यू पातळ तेलरंगाचे थर एकावर एक चढवत या सीमारेषेच्या आसपास काम करतात. शिवाय त्यांच्या टेकडीला रेघ नसते. एक पांढरा दुसऱ्या पांढऱ्यात हळूहळू उतरतो आणि अशा मंद उतारासमोर आपली दृष्टी फार दुबळी असते. कडा दिसण्यासाठी ती बनलेली आहे. उजेड एकदम बदलला की मज्जापेशी जोरात कळवतात, सावकाश बदलला तर जवळजवळ गप्प बसतात.

अशा चित्रासमोर बघणारा स्वाभाविकपणे जवळ जातो. तिथे त्याला आणखीनच कमी दिसतं. कॅनव्हासचं विणकाम, रंगाचा पातळ पापुद्रा, बस. चार-पाच पावलं मागे सरकलं की टेकडी परत येते. कारण अंतर वाढलं की तोच मंद उतार डोळ्यात कमी जागेत आक्रसतो आणि त्यामुळे डोळ्याच्या लेखी अधिक चढा होतो. आपली दृष्टी मध्यम आकाराच्या फरकांना सर्वांत जास्त जागी असते. फार मोठे, पसरट बदल तिला सुटतात आणि फार बारीक बदलही सुटतात. शेन ख्वोने याच ग्रंथात दहाव्या शतकातल्या तुंग युआनबद्दल जे लिहिलं आहे, ते इथे विलक्षण लागू पडतं. तुंग युआनचं सूर्यास्ताचं एक चित्र जवळून पाहिलं तर त्यात काही हाती लागत नाही, दूरून पाहिलं तर संध्याकाळच्या खोल छायेतलं गाव दिसतं आणि पलीकडच्या शिखरांवर उतरत्या उन्हाचा रंगसुद्धा दिसतो, असं तो सांगतो. प्रयोगशाळा नसताना हजार वर्षांपूर्वी केलेलं हे निरीक्षण आहे. त्याच्याही सहाशे वर्षं आधी त्सुंग बिंगने निसर्गचित्रावर लिहिताना प्रश्न टाकला होता, की कुनलुनसारखा अजस्र पर्वत एवढ्याशा बाहुलीत मावतो कसा. आणि उत्तर दिलं होतं, की लांब जा, मग तो इंचभर रेशमातही मावेल. चिनी निसर्गचित्राची परंपरा अध्यात्माने भरलेली आहे हे आपण ऐकत आलो. अंतर, उजेड आणि बाहुली यांचा हिशेब ती पहिल्यापासून मांडत आली आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

परत चित्राकडे. टेकडी सापडली, आता ती निरखून पाहावी म्हणून नजर एका जागी रोखली तर काय होतं? ती विरघळते. आधी कड जाते, मग झाडं, मग सगळं पुन्हा पांढरं. हा चित्रकाराचा चमत्कार नव्हे. स्विस वैद्य ट्रॉक्सलर याने 1804 मध्ये नोंदवलं होतं की एका बिंदूवर नजर खिळवली की बाजूच्या फिक्या आकृत्या काही सेकंदांत नाहीशा होतात. 1950 च्या दशकात शास्त्रज्ञांनी खास भिंगं वापरून एक प्रतिमा डोळ्याबरोबरच हलती ठेवली, म्हणजे पडद्यावर ती कायम एकाच जागी राहील अशी व्यवस्था केली. ती प्रतिमा थोड्या वेळात दिसेनाशी झाली. डोळ्याला बदल हवा असतो. बदल थांबला की दिसणं थांबतं. छ्यूंच्या टेकडीला पकडून ठेवता येत नाही. नजर सैल सोडावी लागते, चित्रावर हिंडू द्यावी लागते, मध्येच दुसरीकडे वळवून परत आणावी लागते. मग ती येते, थोडी वेगळी होऊन येते. मघाशी जे झाड वाटलं तो आता वाटेचा कोपरा असतो.

इथे आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. मग हे कोड्याचंच चित्र झालं की. लहान मुलांच्या मासिकात असतं तसं: या जंगलात शिकारी शोधा. 1990 च्या दशकात ठिपक्यांच्या नक्षीतून त्रिमितीय डॉल्फिन दाखवणारी पुस्तकं जगभर खपली, त्यांच्यात आणि यात फरक काय? फरक असा, की कोडं एकदाच सुटतं. शिकारी सापडला की पुढच्या वेळी तो आपोआप दिसतो आणि पान उलटलं जातं. छ्यूंच्या चित्रात मिळवलेलं टिकत नाही. काल दिसलेला डोंगर आज पुन्हा कमवावा लागतो, कारण तो ज्या सीमेवर रंगवलेला आहे ती सीमा डोळ्याचीच आहे आणि सरावाने ती थोडी सरकली तरी पुसली जात नाही. कोड्याला उत्तर असतं. इथे उत्तराच्या जागी फक्त बघत राहणं आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. डोंगर इतका साधाच असेल तर तो गडद करून का दाखवू नये? संगणकावर चित्रातल्या छटांमधला फरक वाढवला की छ्यूंचं दृश्य उघडं पडतं, आणि मान्य केलं पाहिजे की ते एक बरं, शांत, सपाट क्षितिजाचं निसर्गचित्र असतं, त्याहून फार काही नाही. हे ऐकून चाहत्यांना वाईट वाटेल. पण चित्राची बाजू यानेच पक्की होते. डोंगर गडद केला की उरतो फक्त डोंगर. छ्यूंनी जे रंगवलं ते डोंगर आणि आपण यांच्यामधलं अंतर आहे, ज्याला मिनिटं लागतात. ते अंतर काढून टाकून ‘आता चित्र नीट दिसतं’ असं म्हणता येत नाही, कारण चित्रच काढून टाकलेलं असतं.

पाश्चात्य कलेतल्या पांढऱ्या चित्रांशी त्यांची सांगड घालणं सोपं आहे. मालेविचने 1918 मध्ये पांढऱ्यावर पांढरा चौकोन रंगवला, राउशेनबर्गने 1951 मध्ये सरळ पांढरे फलक केले, रायमनने आयुष्यभर पांढऱ्या रंगाचे स्वभाव तपासले. यातलं कुणीही छ्यूंच्या जवळचं नाही. राउशेनबर्गच्या फलकांवर खोलीतल्या माणसांच्या सावल्या पडाव्यात अशी अपेक्षा होती. तिथे बघायचं ते चित्राबाहेरचं आहे. खरा शेजारी आहे अ‍ॅड राइनहार्ट. 1960 ते 1966 या काळात त्याने पाच फूट बाय पाच फुटांची काळी चित्रं केली. बराच वेळ थांबल्यावर त्यांत नऊ चौकोन आणि त्यांचा एक क्रूस हळूहळू वेगळा होतो, काळ्यातला लालसर, निळसर, हिरवट फरक उमटतो. राइनहार्ट आशियाई कलेचा अभ्यासक होता आणि ती शिकवतही असे, तेव्हा हे शेजारपण वरवरचं नाही. तरी त्याच्यापाशी थांबून आपण शेवटी भूमितीपाशी पोचतो. चौकोन म्हणजे चौकोनच. तो सापडला की खात्री होते आणि खात्रीबरोबर संपतो. छ्यूंपाशी आपण एका ठिकाणी पोचतो, जिथे जमीन आहे, हवा आहे, पलीकडे काहीतरी आहे. आपण तिथे उभे आहोत असं वाटू लागतं आणि मग प्रश्न पडतो, की ही वाट त्यांनी काढली आहे की मी?

मराठी वाचकाला इथे गायतोंडे आठवणार, आठवायलाच हवेत. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याच्या घरातले, जे.जे.मधून 1948 मध्ये बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, झेन विचाराशी त्यांचं जवळचं नातं होतं आणि 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा त्यांच्या चित्रांबद्दलही ‘मौन’ हाच शब्द सगळीकडे वापरला गेला. दोघांच्या चित्रांपुढे थांबावं लागतं, एवढं साम्य खरं. पण गायतोंडे यांच्या चित्रात लपवलेलं काही नाही. रोलरने आणि पॅलेट नाइफने सरकवलेल्या थरांतून उजेड वर येतो आणि तो उजेड म्हणजेच चित्र. त्यात समुद्र किंवा क्षितिज शोधणाऱ्याला ते थारा देत नसत, आणि ते योग्यच होतं. छ्यूंनी मात्र डोंगर सोडलेला नाही. अमूर्ताच्या अगदी उंबऱ्यावर जाऊनही ते आत पाऊल टाकत नाहीत. त्यांचा विषय उजेड नसून त्या उजेडात जग दिसतं की नाही हा आहे. म्हणून मी त्यांना वास्तववादी चित्रकार मानतो, आणि हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. शिआनमध्ये शिकलेली समोरच्या वस्तूशी इमानदार राहण्याची सवय त्यांनी टाकलेली नाही. फक्त वस्तूबरोबर बघणाऱ्या डोळ्याशीही ते इमानदार राहिले.

मघाच्या प्रश्नाकडे परत येतो: वाट त्यांनी काढली की मी? दृष्टीच्या सीमेवर खरं दिसणं आणि कल्पना यांच्यात फरक उरत नाही, असं कुणी म्हणेल, आणि हल्ली हे मत फार लोकप्रिय आहे. मेंदू सगळं रचतो, तेव्हा सगळं रचलेलंच, असा तो सूर. छ्यूंची चित्रं मला या सुराच्या विरुद्ध पुरावा वाटतात. त्यांच्यासमोर दोन अनोळखी माणसं उभी राहिली आणि एकाने बोट दाखवलं, की ‘इथे पाणी आहे’, तर दुसऱ्याला आधी दिसत नाही, मग दिसतं, किंवा कधीकधी तो ‘नाही, ती वाळू आहे’ म्हणतो आणि पहिल्यालाही ते पटतं. जागा बदलून, नजर विसावून, दुसऱ्याचं ऐकून दुरुस्त करता येतं ते स्वप्न नसतं. सुंग दीच्या भिंतीपुढे चेन युंगची एकटाच होता आणि त्याच्या डोंगराशी कुणाला वाद घालता आला नसता. छ्यूंच्या डोंगराबद्दल वाद घालता येतो. अंधूकपणा आणि मनमानी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आज ज्यांना धूसर माहितीतून झटपट खात्री काढायची सवय लागली आहे त्यांनी, आणि सगळंच सापेक्ष म्हणून हात झटकणाऱ्यांनीही, या चित्रांपुढे उभं राहायला हवं.

एक आडवाट घेतो, कारण ती तुंगच्वानमधूनच जाते. सुंग राजवटीच्या काळातलं सर्वांत थोर मानलं जाणारं निसर्गचित्र फान क्वानने साधारण इसवी सन 1000 च्या सुमारास काढलं. डोंगर आणि ओढ्यांमधून जाणारे वाटसरू त्यात आहेत. दोन मीटरहून उंच असलेलं ते रेशीम आज तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात आहे. फान क्वान ज्या भागातला, तो आज तुंगच्वान शहराच्या हद्दीत येतो. छ्यूंनी पोस्टरं रंगवली तीच ही भूमी, पिवळ्या मातीच्या पठारांची. या चित्रावर चित्रकाराचं नाव नाही असं शतकानुशतकं मानलं जात होतं. 1958 मध्ये ली लिन-त्सान या अभ्यासकाला ते सापडलं, खाली उजव्या बाजूला, खेचरांच्या तांड्यामागच्या झाडीत, पानांच्या मध्ये. सम्राटांनी, संग्राहकांनी, जाणकारांनी साडेनऊशे वर्षं पाहिलेलं चित्र, आणि दोन अक्षरं त्यांच्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. दिसण्यासाठी वस्तू समोर असणं पुरत नाही, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आजच्या संग्रहालयात किती वेळ पाहिलं जातं? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये केलेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. नामांकित चित्रांसमोर लोक थांबले त्याचा मध्यक निघाला 17 सेकंद. 17 सेकंदांत छ्यूंचं चित्र सुरूही होत नाही. 1999 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत तिचे संयोजक हाराल्ड झेमान यांनी चिनी कलावंतांना मोठी जागा दिली, त्यात छ्यूही होते आणि खदाखदा हसणारे गुलाबी चेहरे रंगवणारे युए मिनजुनही. पुढच्या दशकात चिनी चित्रांच्या बाजाराने काय उचललं ते सर्वांना ठाऊक आहे. हसरा चेहरा लिलावाच्या पानावर अंगठ्याएवढा छापला तरी ओळखू येतो. मी त्या चेहऱ्यांना कमी लेखत नाही, त्यांच्यामागे तियानानमेननंतरच्या पिढीची खरी वेदना आहे. पण प्रसिद्धीला छायाचित्र लागतं आणि छ्यूंचं चित्र साध्या छायाचित्रात उतरत नाही. फोनचा कॅमेरा पांढऱ्या विस्ताराला अति उजेड समजून तो करडा करून टाकतो. साध्या डिजिटल चित्रफाइलमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात, आणि फाइल लहान करताना जे फरक डोळ्याला कळणार नाहीत असं गृहीत धरून फेकले जातात, नेमक्या त्याच फरकांत हे चित्र राहतं. बर्लिनच्या हांबुर्गर बानहोफमध्ये 2012 साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्या चित्रांशी ओळख व्हायची तर त्या दालनात पायांनी जाणं हाच मार्ग होता.

यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तेलरंग म्हातारे होतात. जवसाचं तेल पिवळं पडतं, अंधारात ठेवलेलं चित्र अधिक लवकर. जुन्या युरोपीय चित्रांतला शिशाचा पांढरा काळाच्या ओघात पारदर्शक होत जातो आणि त्याखालच्या, चित्रकाराने झाकलेल्या आकृत्या वर येऊ लागतात. साध्या चित्रात एवढ्या फरकाने फारसं बिघडत नाही, निळा थोडा हिरवट झाला तरी घोडा घोडाच राहतो. एका टक्क्याच्या सीमेवर रंगवलेल्या चित्राला मात्र हा फरक जीवघेणा आहे. पिवळेपणा चढला तर डोंगर कायमचा बुडू शकतो, थर पारदर्शक झाले तर तो पहिल्याच नजरेला दिसू लागेल, आणि दोन्ही परिस्थितींत चित्र संपेल. सफाई करणाऱ्या तंत्रज्ञाला मूळ स्थिती ठरवायला छायाचित्राचा आधार नाही. उपकरणांनी पृष्ठभागावरून किती उजेड परततो हे मोजून ठेवता येईल आणि संग्रहालयांनी ते आजच करून ठेवायला हवं. पण क्षितिज कितव्या मिनिटाला दिसलं, किती पावलं मागे गेल्यावर झाडं वेगळी झाली, खिडकीतला उजेड उतरल्यावर पाण्याचं काय झालं, हे कुठलंही उपकरण सांगणार नाही. ते बघणाऱ्यांनीच लिहून ठेवावं लागेल. म्हणून छ्यूंवर लिहिणाऱ्या समीक्षकांकडे माझी मागणी आहे, की शून्याचं तत्त्वज्ञान मांडण्याआधी त्यांनी तारीख, वेळ, उजेड आणि अंतर लिहावं, आणि त्यानंतर आपल्याला काय दिसलं ते, ज्या क्रमाने दिसलं त्या क्रमाने लिहावं.